आत गेलेल्याचा बिल्ला

१

रुपचंद आबा पहाटे साडेपाचला उठत. उठल्यावर आधी बोअरची मोटर चालू करत, मग केळीच्या बागेत जाऊन पाणी कुठवर पोचलं ते बघत, मग चहा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, चहा स्वतःच करत. असोद्यात त्यांना वायफळ बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. शिक्षण चौथीपर्यंत. पण ओमानच्या वाळवंटात सहा वर्षं ते पाइपलाइनवर वेल्डर होते आणि त्यांचा एकही जोड तपासणीत नापास झाला नव्हता. एवढी एकच गोष्ट ते न विचारता सांगत.

मुलगी रत्ना जळगावला राहायची. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती चार वर्षं हॉलंडात राहून आली आणि येताना एक खेळ शिकून आली. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे मोबाइलवर टाकायचे. बाकीच्यांनी पडद्यावरचा बाण बघत जायचं आणि तो शोधायचा.

"आणि मिळतं काय?" आबांनी विचारलं होतं.

"काही नाही. सापडला याचा आनंद."

"तिकडं लोकांना कामं नाहीत वाटतं."

तरी बहात्तराव्या वाढदिवसाला रत्नाने त्यांच्यासाठी असा खेळ मांडलाच. मोबाइलवर सगळं बसवून दिलं. "चार डबे आहेत आबा. सगळे तुमच्या ओमानच्या आठवणींवर. प्रत्येक डब्यात एक प्रश्न. उत्तर आकड्यातच येतं. तो आकडा या रिकाम्या चौकोनात टाकला की पुढच्या डब्याचा बाण दिसतो. उत्तरं सगळी तुम्हीच मला सांगितलेली आहेत. चुकायचं कारण नाही."

"मी चुकत नाही," आबा म्हणाले.

पहिला डबा त्यांच्याच शेतात होता, व्हॉल्व्हच्या खड्ड्याजवळ दगडाखाली. प्लॅस्टिकचा, झाकणाला रत्नाच्या स्वयंपाकघराचा वास. आत तिच्या अक्षरात चिठ्ठी: 'कॅम्पातल्या चौदा नंबरच्या खोलीत खाटा किती होत्या?'

आबांनी चष्मा लावला. घरी, गावात, रत्नाला त्यांनी आयुष्यभर तीन सांगितल्या होत्या. एक त्यांची, एक केरळच्या कुरियनची, एक पंजाबच्या सरदाराची. पण तेव्हा समोर कुणी नव्हतं. ऊन चढत होतं. आणि ज्या माणसाने जन्मभर मापं घेतली त्याचं बोट आपोआप खऱ्या आकड्यावर जातं.

त्यांनी चार टाकला.

२

बाण पश्चिमेकडे वळला. पाळधीच्या बाजूला, घरापासून सोळा किलोमीटर. आबांनी स्कूटर काढली.

हमरस्ता सोडून बैलगाडीची वाट, तिच्या कडेने नाला, नाल्यावरून गेलेली जुनी पाण्याची लाइन. पुष्कळ वर्षं बंद असावी. लोखंडी, तीन फुटी. आबांनी सवयीने जोडावरून बोट फिरवलं. जोड बरा होता.

पाइपच्या खाली, सावलीत, डबा होता. पण प्लॅस्टिकचा नव्हता. दुधाच्या भुकटीचा पत्र्याचा डबा, वर अरबी अक्षरं. असे डबे कॅम्पात पाण्याला, डाळीला, साबण ठेवायला वापरत. आबांनी तो उघडला. आत चिठ्ठी होती, पेन्सिलीने लिहिलेली.

'संध्याकायले कितला बिल्ला उचलेल व्हतात?'

आबांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी रत्नाला फोन लावला.

"दुसरा डबा कुठं ठेवलास?"

"मेहरूण तलावाला, बाकाच्या मागं. का? तुम्ही कुठं आहात?"

"पाळधीला."

रत्ना हसली. "पाळधीला कशाला गेलात? आकडा काय टाकला?"

"चार."

"तीन ना आबा! तीन खाटा. चुकीचा आकडा टाकला की बाण कुठंही नेतो, तिथं काही नसतं, नुसतं रान."

"डबा आहे इथं."

"मग दुसऱ्या कुणाचा असेल. खेळणारे आहेत जिल्ह्यात पाच-सात. होता तसा ठेवून द्या."

"चुकलो असेन," आबा म्हणाले.

रत्ना पुन्हा हसली. "आबा, तुम्ही 'चुकलो' म्हणालात? थांबा, तारीख लिहून ठेवते."

त्यांनी फोन ठेवला. चिठ्ठीची बोली असोद्याची नव्हती. इकडे जळगावच्या पूर्वेला बोली निराळी. ही तिकडची, अमळनेर ओलांडल्यावरची, धुळ्याकडची. रत्नाला ती लिहिता आली नसती. चौदा नंबरच्या खोलीत एकच माणूस असं बोलायचा. चौथ्या खाटेवरचा.

३

त्याचं नाव जीवराम. नरडाण्याचा. आबांचा हेल्पर होता.

तिकडे कामाची रीत अशी. दोन पाइप जोडले की जोड आतूनही साफ करावा लागे. त्यासाठी बारीक अंगाचा माणूस कोपरांवर सरपटत आत जाई. आत जाताना प्रत्येकाने गळ्यातला पत्र्याचा बिल्ला काढून पाइपच्या तोंडाशी खिळ्याला अडकवायचा. बाहेर आला की आपला आपण उचलायचा. संध्याकाळी वेल्डरने बघायचं, खिळा रिकामा असेल तरच पाइपच्या तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंगचे टाके मारून बसवायचं, म्हणजे रात्री आत वाळू शिरत नाही. आतल्या माणसाची खूणही ठरलेली. आतून दोनदा ठोकलं तर सगळं ठीक. तीनदा ठोकलं तर मला बाहेर घ्या.

जीवरामची एक खोड होती. काम संपलं की तो उड्या मारत पाण्याच्या टाकीकडे पळे आणि ओरडे, "रुपचंदभाऊ, मना बिल्ला ली या!" जोड बघायला आबाही आत जात, म्हणून ते आपला आणि त्याचा, दोन्ही बिल्ले उचलून आणत. रोजचंच होतं ते. जूनमधल्या एका संध्याकाळी ओरडणं ऐकू आलं की नाही हे त्यांना आठवत नव्हतं. बिल्ले मात्र त्यांनी दोन्ही उचलले, आणि झाकण बसवलं.

सकाळी जीवरामची खाट रिकामी. साहेबाने विचारलं. आबा म्हणाले, पळाला असेल. तिकडे माणसं पळतच असत, दुसरीकडे जास्त मिळतं म्हणून. कंपनीने 'फरार' लिहिलं. झाकण काढून पुढचा पाइप जोडला गेला, आत कुणी पाहिलं नाही, लाइन पुढे सरकली. आबांनी खोलीतली चौथी खाट बाहेर काढली, आणि पुढे बोलण्यातूनही काढली.

त्याला सदतीस वर्षं झाली होती. जीवरामची बायको ताईबाई अजून नरडाण्यात होती. अजून कुंकू लावत होती. दर आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी तिची विचारणा येई, आधी पत्र, मग शेजाऱ्याचा फोन, मग तिचा स्वतःचा. "भाऊ, काही समजनं का?" आणि आबा म्हणत, "नाही अक्का." एका शब्दाने खरं सांगता आलं असतं. मग चांगल्या जोडाचा वेल्डर रुपचंद उरला नसता, माणूस आत ठेवून झाकण लावणारा रुपचंद उरला असता. म्हणून सदतीस वर्षं नाही.

आखाजी आता आठ दिवसांवर होती. फोन अजून आला नव्हता.

४

आबांनी डबा जागेवर ठेवला आणि घरी आले. आकडा टाकला नाही.

ते विचार करत राहिले, पण शिस्तीने. कुरियन वारला होता. सरदार असला तरी त्याला ही बोली येत नव्हती. बिल्ल्यांचं त्या दोघांना ठाऊकच नव्हतं. मग कुणाला ठाऊक? कुणालाच नाही. म्हणजे कुणीतरी थट्टा करतंय हे बसत नव्हतं, आणि दुसरं काही बसू द्यायची आबांची तयारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बोअरचा लोखंडी पाइप वाजला. टण टण.

आबा ओट्यावर होते. उन्हाने लोखंड फुगतं, वाजतं. त्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा टण टण. ते उठले, मोटर बंद केली, पाइपवर तळहात ठेवून उभे राहिले. लोखंड चटके देत होतं. बराच वेळ काही नाही. मग तळहाताखाली, आतून, दोनदा.

लोखंड उन्हात वाजतं, पण कसंही वाजतं. मोजून वाजत नाही.

दोनदाच ठोकतोय, तीनदा नाही, एवढ्यावर त्यांना बरं वाटलं. मग आपल्याला बरं का वाटलं, याची लाज वाटली. शेजारच्या भिकुबाईने कुंपणावरून विचारलं, "आबा, पायपाला ताप आलाय काय? हात धरून बसले!" त्यांनी हात काढला नाही.

पाचव्या दिवशी दोनदा वाजण्याच्या मधलं अंतर कमी झालं. सहाव्या दिवशी जेवताना ताटात घास तसाच ठेवून त्यांनी मोबाइल घेतला आणि दोन टाकला.

५

बाण अमळनेरच्या पुढचा निघाला. आबा पॅसेंजरने गेले, उतरून रिक्षा केली, मग चालले. बोरी नदीच्या पात्राकडेला कुठल्याशा योजनेचे पाइप आणून टाकले होते, पंधरा-वीस, एकाला एक लागून. बाण त्यांच्याजवळ येऊन गोल गोल फिरायला लागला. दुपारचे साडेबारा. माणूस नाही, पाखरू नाही. बाभळीखाली एक बाई बकऱ्या सांभाळत होती, तेवढीच.

"काय धुंडी ऱ्हायनात, आबा?" तिने लांबूनच विचारलं.

"डबा."

"कसाना?"

"ते माहीत नाही."

बाई पदर तोंडाला लावून हसली. "मंग सापडी कसा? त्या दुसरा बाबाले इचारा. तो बी सकायपाईन आठेच शे."

"कोणता बाबा?"

"आते तुमना म्होरेच शिरना ना पाइपमा. तो मधला दिखस ना, त्यामा."

आबा मधल्या पाइपपाशी गेले. वाकून आत पाहिलं. आरपार दिसत होतं. पलीकडच्या तोंडाशी उजेडाचा पांढरा गोल, पूर्ण गोल, मध्ये काही नाही. बकऱ्यांमागे उन्हात फिरून बाईला भास झाला असेल. मात्र पाइपच्या तळाशी साचलेल्या धुळीत दोन रेघा उमटल्या होत्या, कोपरं ओढत गेल्यासारख्या. रेघा आत जात होत्या. पलीकडच्या तोंडाला जाऊन त्यांनी पाहिलं. तिकडच्या धुळीत एकही रेघ नव्हती. कुणी बाहेर आलेलं नव्हतं.

डबा आत होता, हाताच्या टप्प्यापलीकडे. सदतीस वर्षांत आबा पाइपमध्ये शिरले नव्हते. गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर, आणि आत गेले. आत ऊन नव्हतं, पण आच होती. श्वासाचा आवाज चारी बाजूंनी परत येत होता. आबांनी श्वास रोखला. आवाज थांबायला थोडा उशीर लागला.

डबा ओढून ते मागे मागे सरकत बाहेर आले. त्याच पेन्सिलीचं अक्षर.

'झाकणले कितला टाका मारात?'

बाई बकऱ्या वळवत होती. "बाबा भेटना का?"

"नाही."

"मंग आतमाच शे अजून," ती म्हणाली, आणि बकऱ्यांना हाळी देत निघून गेली.

परतीच्या गाडीत आबांनी सहा टाकला. सहा टाके, त्यांच्या स्वतःच्या हातचे. बाण नरडाण्यावर जाऊन टेकला. स्टेशनावर नाही, कारखान्यांवर नाही. गावातली एक गल्ली. तिथे ते कधी गेले नव्हते, पण पत्ता पाठ होता. सदतीस वर्षं पत्रांच्या पाठीवर वाचलेला.

६

आखाजीच्या आदल्या दिवशी रत्ना आली. सांजोऱ्या आणल्या होत्या. मोबाइल पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"चार, दोन, सहा? हे कुठले आकडे? माझे तीन डबे तसेच पडून होते, मी उचलून आणले. नरडाण्याला कोण आहे आपलं?"

आबा सांजोऱ्या आत ठेवायला उठले.

"खोलीत चार खाटा होत्या?"

"होत्या."

"मग तीन का सांगायचात?"

"उद्या जाऊन येतो. मग सांगेन."

"मी गाडी काढते. एवढ्या उन्हात..."

"एकट्याने जायचं आहे," आबा म्हणाले, आणि रत्नाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी नजर फिरवली.

नरडाण्याला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. घर धाब्याचं, पुढे सिमेंटची छोटी पाण्याची टाकी, दार उघडं. बाण शून्यावर आला. डबा कुठे दिसला नाही.

दारात एक बारीक बाई उभी होती. कपाळावर मोठं कुंकू.

"कोन?"

"रुपचंद. असोद्याचा."

ती उंबऱ्याबाहेर आली. "तुम्ही? भाऊ, बसा ना. मी आजच फोन करनार व्हतू." तिने पाट सरकवला, पाणी दिलं. "मना पोऱ्या प्रेमराज कारखानामा गयेल शे. संध्याकायले ई."

खोलीत पाटावर गहू पसरून दोन घागरी भरून ठेवल्या होत्या, सासऱ्याची आणि सासूची. वर खरबूज, सांजोऱ्या, आंबा. आखाजीला गेलेल्या माणसांना पाणी पोचावं म्हणून घागर भरतात. जित्या माणसाची घागर भरत नाहीत. जीवरामची घागर या घरात कधी भरली गेली नव्हती.

आबा पाणी प्यायले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला. सदतीस वर्षांत हे कसं सांगायचं ते त्यांनी मनात पुष्कळदा जुळवलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

"जीवराम पळाला नाही अक्का. तो पाइपमध्ये होता. मी त्याचा बिल्ला उचलला आणि झाकण लावलं. सकाळी समजलं. मी बोललो नाही."

झोक्यावरचं गाणं चालू होतं. ताईबाई रडली नाही.

"पानी व्हतं का त्यासनाजोडे?"

"नव्हतं."

"ठोकी ऱ्हायंतात का त्या?"

त्या संध्याकाळी कॅम्पाकडे जाणाऱ्या गाडीत चढताना, मागे, निवत चाललेल्या लोखंडातून, तीनदा. पुन्हा तीनदा. निवणारं लोखंड वाजतंच, असं त्या दिवशी त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि गाडी सुटली होती.

"हो," आबा म्हणाले. "मी ऐकलं."

त्यांना वाटलं ती शिव्या देईल, गल्ली गोळा करील. त्याला त्यांची तयारी होती. ताईबाईने पदराचं टोक घेतलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदाच, मोठ्या निगुतीने, जमीन पुसावी तसं. मग ती उठली.

"या," म्हणाली.

७

आतली खोली अंधारी होती. भिंतीला लागून, जमिनीपासून आढ्यापर्यंत, घागरी रचल्या होत्या. कोऱ्या, पाणी न लागलेल्या. तळच्यांचा रंग उडाला होता, वरची या आठवड्यातली असावी. सगळ्यांची तोंडं दाराकडे.

"दर आखाजीले एक ली येस मी," ताईबाई म्हणाली. "भरू का नको? मेलात का जित्ता शेतस, माले कोन सांगी? मंग ठी देस तशीच."

तिने सगळ्यात वरची घागर काढली, बाहेर आणली, पाटावर गहू पसरून त्यावर ठेवली. हंडा आबांच्या हातात दिला.

"तुम्हीच भरा."

आबांनी टाकीतून हंडा भरला, आणून घागरीत ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. घागर जेमतेम दीड हंड्याची होती. दुसरा हंडा संपायच्या आत पाणी काठाशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही. तिसरा ओतला. त्यांनी घागरीखाली बोटं घातली. गहू कोरडे. पाट कोरडा. कोरी घागर पाणी पिते हे खरं, पण इतकं नाही. चौथा हंडा. पाचवा. ओतलेलं पाणी पडल्याचा आवाज येत नव्हता. येत होता तो दुसराच, घाईघाईने, मधे न थांबता, घशातून होणारा.

आबा वाकले आणि आत पाहिलं.

घागरीचा तळ नव्हता. तोंडाएवढाच रुंद काळोख सरळ लांबवर गेला होता, घागर जेवढी खोल असते त्याच्या कितीतरी पुढे. अगदी दूर, एक माणूस कोपरांवर येत होता. मान खाली होती. ओले केस दिसले. मग तो थांबला आणि मान वर करू लागला.

आबा मागे झाले.

ताईबाई दारात उंबऱ्यावर बसली होती, त्यांच्याकडे पाठ करून, गल्लीकडे बघत.

"थांबू नका भाऊ," ती म्हणाली. "आते जवय ई ऱ्हायनात त्या."

आबा टाकीकडे गेले. पाणी निम्म्यावर आलं होतं. आत अजून छत्तीस घागरी होत्या.